त्याचं हॉटेल, त्याचे नियम?

"त्याचं हॉटेल, त्याचे नियम." गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी तीनदा ऐकलं. एकदा ईसीएचएसच्या औषधांच्या रांगेत, एकदा कॅन्टीनच्या काउंटरवर आणि एकदा जुन्या पलटणीतल्या दोस्ताशी फोनवर बोलताना. तिन्ही वेळा बोलणारा फौजीच. विषय एकच होता: हॉटेलात जेवणाचा फोटो काढणारं गिऱ्हाईक, त्याला हटकणारे नोकर आणि मग झालेली बाचाबाची. आपल्या मंडळींचा निकाल तयार होता. आणि त्याच्या पाठोपाठ हमखास येणारं दुसरं वाक्यही: "आपल्या एरियात कुणी सिव्हिलियन फोटो काढायला लागला, तर आपण काय त्याला हार घालतो?"

पहिल्या वाक्याशी माझं अर्धं भांडण आहे. दुसऱ्याशी पूर्ण.

'फोटो काढण्यास मनाई' या पाटीच्या आतल्या बाजूला माझी उभी नोकरी गेली. पूल, दारूगोळ्याचे डेपो, विमानतळाच्या भिंती, सरहद्दीवरच्या चौक्या. नथू ला इथे तर ही पाटी म्हणजे रोजचं भांडण. १४,००० फुटांवर धापा टाकत पोचलेली पुण्या-नाशिकची मंडळी, समोर हाकेच्या अंतरावर चिनी शिपाई, खिशात नवा फोन, आणि आपला जवान म्हणतो, फोटो नाही. मग सुरू. "एकच काढतो हो." "आम्ही काय हेर आहोत का?" मराठी जवान दिसला की आणखी जोर येतो, "अहो, आपलेच तुम्ही!" तिथे उभ्या असलेल्या पोरांची मला कायम कीव यायची. पण ते पोरगं ज्या जोरावर नाही म्हणत होतं तो जोर बघा. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा त्याच्यामागे आहे. कुठली जागा निषिद्ध, हे त्या कायद्यात आहे. संरक्षणाच्या ठिकाणाबाबत गुन्हा असेल तर चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. पाटी रस्त्यावर आहे, परवाना काढतानाच नियम कळतात, आणि बंदी सगळ्यांना सारखी आहे. हवा स्वच्छ असो की धुकं, पर्यटक गोड बोलो की तिखट, नियम तोच.

आता हॉटेल.

सिलिगुडीला असतानाची गोष्ट. दिवाळीची सुट्टी, म्हणजे दार्जिलिंग-गंगटोक करून बागडोगऱ्याचं विमान पकडायला निघालेल्या मराठी कुटुंबांचा हंगाम. सेवोक रोडच्या बाजूला एका बऱ्यापैकी हॉटेलात आम्ही तिघं साध्या कपड्यांत जेवत होतो. नाव लिहीत नाही. शेजारच्या टेबलावर नाशिककडचं कुटुंब होतं: नवरा-बायको, दोन मुलं आणि एक आजी. आजींच्या डाळीच्या वाटीत झुरळ निघालं. लहान होतं, पण शंका घ्यायला जागा नव्हती. मुलगा ओरडला, आजींनी पदर तोंडाला लावला, आणि त्या बाईंनी शांतपणे फोन काढून वाटीचे दोन-तीन फोटो घेतले. आवाज चढवला नाही, कुणाला शिवी नाही, व्हिडिओ नाही.

त्याआधी तासभर त्या हॉटेलात फोटोंचा पाऊस चालला होता. मोमोच्या टोपलीचे, थुक्प्याच्या वाडग्याचे, पोरांचे. एका भिंतीवर गुलाबी ट्यूबलाइटची अक्षरं आणि पंख काढलेले, मध्ये उभं राहून सेल्फी घ्यायला. मेन्यूच्या पाठीवर लिहिलेलं होतं की फोटो टाका, आम्हाला टॅग करा, गोड पदार्थावर सवलत मिळवा. एकाही फोटोला कुणी हरकत घेतली नव्हती. झुरळाचा फोटो निघाला आणि गल्ल्यावरचा मॅनेजर अक्षरशः धावत आला. "फोटो अलाउड नहीं है मॅडम. प्रायव्हेट प्रॉपर्टी है." बाई म्हणाल्या, "मी माझ्या ताटाचा काढलाय." मॅनेजरने शेजारच्या पोऱ्याला खूण केली. अठरा-एकोणीसचा असेल तो. त्याने बाईंच्या हातातून फोन ओढून घेतला आणि मॅनेजरच्या हातात दिला. स्क्रीन उघडीच होती. मॅनेजरने फोटो पुसले. मग तो जिथे पुसलेले फोटो महिनाभर पडून राहतात त्या कचरापेटीत गेला आणि तिथूनही पुसले. सगळं मिळून पंधरा सेकंद. तो हात सरावलेला होता. तोपर्यंत दुसऱ्या पोऱ्याने डाळीची वाटी उचलून आत नेली होती.

मी उठलो. पाटी कुठे आहे, एवढंच विचारलं. त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी होती खरी, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत अशी. मी म्हणालो, परवाना दाखवा. तो गणपतीच्या कॅलेंडरच्या मागे निघाला. बिलावर परवान्याचा नंबर नव्हता. आमच्यातल्या एकाला आपण कोण आहोत ते सांगायची फार खुमखुमी आली होती. त्याला मी खाली बसवलं, कारण झुरळ फौजी माणसाला दिसलं काय आणि शिक्षकाला दिसलं काय, सारखंच झुरळ. नवरा बायकोला म्हणत राहिला, "जाऊ दे, विमान चुकेल." बिलातून डाळीचे पैसे कमी झाले, फोन परत मिळाला, गाडी आली, ते गेले. आजी उपाशीच गेल्या.

हे मी जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा उत्तर येतं ते वर लिहिलेलं. त्याचं हॉटेल, त्याचे नियम.

बरं, अर्धं मान्य करतो. हॉटेल ही खाजगी जागा आहे, मालकाला अटी घालता येतात. 'आत फोटो काढू नयेत' अशी अट त्याने घातली तर मी ती पाळीन. त्याला प्रामाणिक कारणं असू शकतात. शेजारच्या टेबलावर कुणाची बायको, कुणाची मुलगी बसलेली असते आणि तिला अनोळखी माणसाच्या रीलमध्ये जायचं नसतं. काही लोक दिवे लावून, खुर्चीवर चढून ताटाचं शूटिंग करतात आणि चाळीस मिनिटं टेबल अडवतात. वाढणाऱ्या पोराचं तोंड परवानगीशिवाय चित्रित करतात. यातल्या कशालाही मालकाने नाही म्हटलं तर मी मालकाच्या बाजूला आहे. आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलातल्या पाट्या आणि पुणेरी पाट्या यांची टिंगल भरपूर होते. पण त्या पाट्यांची एक गोष्ट मला नेहमी आवडते. त्या तुम्ही आत शिरण्याआधी बोलतात. पटलं तर बसा, नाही तर पुढचं हॉटेल आहेच. अपमान असेल, फसवणूक नाही.

सिलिगुडीतला नियम मात्र झुरळाबरोबरच जन्माला आला. चांगला फोटो ही जाहिरात, वाईट फोटो हा गुन्हा. याला नियम म्हणत नाहीत. नियम असता तर मोमोच्या टोपलीलाही लागू झाला असता.

आणि पाटी असती, अगदी मोठ्या अक्षरांत असती, तरी काय झालं असतं? अट मोडली म्हणून मालक फार तर म्हणू शकतो, फोटो काढणं थांबवा, नाहीतर बिल देऊन बाहेर जा. त्यापुढे त्याचा हात जात नाही. गिऱ्हाइकाच्या हातातून फोन हिसकावायचा हक्क त्याला कुठल्याही पाटीने मिळत नाही. गिऱ्हाइकाची वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या १२६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रातली माहिती पुसली तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं ४३ वं कलम भरपाई द्यायला लावतं. 'प्रायव्हेट प्रॉपर्टी'चा जप करणाऱ्या त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाईंचा फोनही प्रायव्हेट प्रॉपर्टीच होती.

आमच्या गार्डरूमला काय शिकवण होती ते सांगतो, कारण तुलना आपल्याच लोकांनी काढली आहे. कुणी फोटो काढताना दिसला तर संत्री त्याच्याशी झटापट करत नाही. त्याला थांबवतो, गार्ड कमांडरला बोलावतो. गार्ड कमांडर वर कळवतो. नोंद होते. माणूस संशयास्पद वाटला तर पोलिसांच्या ताब्यात जातो, फोनसकट, फोटोसकट. कारण फोटो हाच पुरावा आहे, तो पुसून कसं चालेल? हॉटेलवाला उलटं करतो. त्याला पुरावाच नको असतो. दोघांच्या हातात फोन दिसला म्हणून दोघं सारखे होत नाहीत.

पुरावा हा शब्द मी उगाच वापरत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे अन्नात बाहेरची वस्तू निघाली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. स्वयंपाक अस्वच्छ जागेत होत असेल तर त्याचाही एक लाखापर्यंत आहे. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर चौदा आकडी परवाना क्रमांक छापणं सक्तीचं आहे. कायद्यात कमतरता नाही. पण दाखवणार काय? त्याच कायद्याच्या ४० व्या कलमाने गिऱ्हाइकालाही अन्न तपासून घ्यायचा हक्क दिला आहे, फी भरून, सरकारी विश्लेषकाकडून. वाचून बरं वाटतं. पुढे अट वाचली की हसू येतं: विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की हे मी तपासायला देणार आहे. म्हणजे आजींनी डाळ मागवतानाच वेटरला सांगायला हवं होतं, बाळा, एक डाळ फ्राय, आणि ही मी प्रयोगशाळेत पाठवणार आहे हं! आणि ज्या वाटीत झुरळ निघतं ती वाटी दोन मिनिटांत मोरीत जाते. मग सामान्य माणसाच्या हातात त्या दोन मिनिटांचा फोटो सोडून उरतं काय? तो पुसला की तक्रार म्हणजे नुसता शब्दाविरुद्ध शब्द, आणि त्यातला एक शब्द विमानात बसून नाशिकला गेलेला.

गुजरातमध्ये २०१९ साली अन्न व औषध प्रशासनाने हॉटेलांना स्वयंपाकघराच्या दारावरच्या 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' या पाट्या काढायला सांगितल्या होत्या. गिऱ्हाइकाला आत डोकावता यावं म्हणून. किती ठिकाणी निघाल्या तो प्रश्न वेगळा, पण सरकारी खात्यालाही जे सुचलं ते आपल्या निवृत्त सुभेदार मेजरांना सुचू नये?

आता या वादात माझ्यापुढे हुकमी एक्का टाकला जातो. तेजबहादूर यादव. जानेवारी २०१७ मध्ये बीएसएफच्या या जवानाने पातळ डाळ आणि करपलेल्या रोटीचे व्हिडिओ टाकले, देशभर गाजले, आणि एप्रिलमध्ये त्याची नोकरी गेली. "तेव्हा तर तू म्हणाला होतास, शिस्त मोडली. मग त्या बाईला वेगळा न्याय का?"

हो, वेगळा. मी तेव्हा म्हणालो होतो आणि आजही म्हणतो की वर्दीतल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर जाऊ नये. पण का जाऊ नये, हे विसरू नका. संविधानाच्या ३३ व्या कलमाने संसदेला अधिकार दिला आहे की सैन्यदलांच्या आणि त्यांच्यासारख्या दलांच्या माणसांचे मूलभूत हक्क शिस्तीसाठी कमी करावेत. आपण शपथ घेतली, सही केली आणि बोलण्याचा काही हक्क स्वतःहून ठेवून दिला. त्याच्या बदल्यात फौज आपल्याला दुसरी दारं देते. लंगरचं जेवण आधी ऑर्डर्ली ऑफिसर चाखतो. मेसिंगची बैठक असते. सैनिक संमेलनात जवान उभा राहून पॉइंट देतो आणि सीओला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. तेही कमी पडलं तर आर्मी ॲक्टचं २६ वं कलम आहे, लेखी तक्रार वरपर्यंत जाते. ही दारं सगळीकडे सारखी उघडी असतात असं म्हणायला मी काही भाबडा नाही. रोटी करपते, वरिष्ठ कान बंद करतात, हेही मी पाहिलंय. पण दारं आहेत.

नाशिकच्या त्या आजींनी हॉटेलात कुठली शपथ घेतली होती? कुठल्या सैनिक संमेलनात त्यांनी पॉइंट द्यायचा होता? आपण आपले हक्क देशासाठी ठेवून दिले म्हणून सिव्हिलियनने त्याचे हक्क डाळ फ्रायसाठी ठेवून द्यावेत, हा कुठला हिशेब? आम्ही सरहद्दीवर उभे होतो ते या लोकांना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून, असं १५ ऑगस्टच्या भाषणात आपणच सांगतो ना?

खरं सांगायचं तर मला वाटतं, आपल्याला पाटी आवडते. वीस-पंचवीस वर्षं पाट्या आणि हुकूम यांच्यात राहिलं की 'मना है' हा शब्द ऐकताच टाच आपोआप जुळते. मना करणारा कोण, कशाच्या जोरावर, हे विचारायची सवय राहत नाही.

आणि हुकमाबद्दल आपल्यालाच जास्त कळायला हवं. आर्मी ॲक्टमध्ये हुकूम न पाळण्याबद्दल शिक्षा आहे, पण तिथे शब्द आहे 'कायदेशीर हुकूम'. ज्याने फोन ओढला त्या पोराला दिलेला हुकूम बेकायदा होता. त्याला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी नाही म्हणायची त्याची ऐपत नव्हती. पोलीस आले असते तर फोन हिसकावणारा म्हणून तोच उभा राहिला असता. मॅनेजरने नुसती खूण केली होती. मालक तर हॉटेलात नव्हताच. हुकूम देणारा मागे आणि हात घालणारा पुढे, हे चित्र फौजी माणसाला ओळखीचं वाटत नसेल तर कमाल आहे. म्हणूनच गिऱ्हाइकांनाही एक तिखट शब्द. झुरळ निघालं की वाढणाऱ्या पोराच्या तोंडापुढे कॅमेरा धरून "नाव सांग तुझं, कुठला आहेस" असं दरडावणारे शूर मी पुष्कळ पाहिले. त्यांना लाखो लोक बघतात आणि ते पोरगं दुसऱ्या दिवशी नोकरीला मुकतं. ताटाचा फोटो हा पुरावा आहे. पोराच्या तोंडाचा फोटो ही दादागिरी. ती बाई हे न शिकवता जाणत होती, आणि हात पडला तो तिच्यावरच.

तर जेवायला बसाल तेव्हा. काही निघालं तर वाटीचा फोटो, ताटाचा फोटो, बिलाचा फोटो, भिंतीवरच्या परवान्याचा फोटो. काढल्या काढल्या घरच्या ग्रुपवर टाकून द्या, मग मॅनेजरला काय पुसायचं ते पुसू द्या. कुणी फोन मागितला तर देऊ नका. ओढला तर ११२ फिरवायला शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगा. शेजारच्या टेबलावर तुम्ही असाल तर सांगायची वाट पाहू नका. बिल घेतल्याशिवाय उठू नका, डाळीचे पैसे कमी केले असतील तर ते बिलावर दिसू द्या. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर तक्रार जाते, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. विमान चुकवायची गरज नाही.

आणि आपल्यातल्या ज्यांनी पेन्शनचे पैसे घालून हायवेला ढाबे काढले आहेत, दारावर तिरंगा आणि पलटणीचं निशाण रंगवलं आहे, त्यांच्यासाठी पाटीचा मजकूर मीच लिहून देतो, हवा तर रंगारीही पाठवतो: इतर गिऱ्हाइकांचे व नोकरांचे फोटो काढू नयेत. आपल्या ताटाचा खुशाल काढावा. जेवणात काही निघाल्यास पोऱ्याला बोलू नये, मालकाला हाक मारावी. मालक गल्ल्यावर बसलेला आहे.